फँटसी आरपीजीमधली माझी आवडती शहरं, आणि ती लक्षात का राहतात

गेम अनइन्स्टॉल करून वर्षं झाली तरी त्यातलं एखादं शहर डोक्यातून जात नाही, असं तुमचं झालंय का? बॉसचं नाव आठवत नाही, कुठली तलवार वापरली ते आठवत नाही, शेवट नक्की कसा झाला तेही धूसर होतं. पण बाजारातून पुलाकडे जाताना कुठल्या कोपऱ्यावर वळायचं, ते मात्र अंगठा विसरत नाही. माझं असं पाच-सहा शहरांच्या बाबतीत झालंय. आजच्या लेखात त्यांचीच ओळख करून देतो: ती कुणी बनवली, तिथे खास काय आहे आणि त्यातली कुठली तुमच्या फोनवर फिरता येतात.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. जबरदस्त ग्राफिक्स असलेली कितीतरी शहरं या यादीत नाहीत. जी आहेत, त्यातल्या जवळपास प्रत्येकात एक गोष्ट सारखी सापडली. तिथे मान वर करून पाहिलं की डोक्यावर काहीतरी असतं. ते कशाच्या जोरावर टिकून आहे, आणि पडलं तर कुणाच्या अंगावर पडेल, यावर त्या शहराचा सगळा कारभार चालतो. तुम्हीही पुढच्या वेळी गेममध्ये नव्या शहरात शिरलात की आधी दुकानं शोधू नका, कॅमेरा वर फिरवा.

(मिडगार, व्हिवेक आणि सुमेरूच्या भागांत कथेतल्या काही गोष्टी उघड होतात. खेळायचं असेल तर तेवढा भाग सोडून वाचा.)

आधी थोडं: आरपीजी आणि सेटिंग म्हणजे काय?

आरपीजी म्हणजे रोल-प्लेइंग गेम. तुम्ही एक पात्र घेता आणि त्याच्या वतीने निर्णय घेता. हा प्रकार मोबाईल किंवा कॉम्प्युटरवर जन्मलेला नाही. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा डंजन्स अँड ड्रॅगन्स हा गेम छापून आला, तो कागद, पेन्सिल आणि फाशांवर खेळायचा होता. चार-पाच मित्र टेबलाभोवती बसतात. त्यातला एक डंजन मास्टर होतो, म्हणजे जग तो सांगतो आणि बाकीचे त्यात वावरतात. या जगाचा तयार आराखडा, म्हणजे देश, देव, इतिहास, नकाशे, याला सेटिंग म्हणतात.

सुरुवातीला खेळ चालायचा तो मुख्यतः भुयारांत. शहर म्हणजे झोपायची आणि सामान घ्यायची जागा. पण शहर सांगणं हे डंजन मास्टरसाठी भुयारापेक्षा कितीतरी अवघड काम. भुयारात पुढे दोनच वाटा असतात. शहरात एखादा खेळाडू म्हणतो, “मी त्या तिसऱ्या दारावर टकटक करतो,” आणि दाराआड कोण राहतं याचं उत्तर तुमच्याकडे लागतं, तेही लगेच. म्हणून १९७६ मध्ये जजेस गिल्ड या छोट्या कंपनीने सिटी स्टेट ऑफ द इन्व्हिन्सिबल ओव्हरलॉर्ड नावाचं अख्खं शहर छापून विकलं. मोठा नकाशा, आणि कुठल्या दुकानात कोण बसतं त्याची माहिती. डंजन मास्टर लोकांना हेच हवं होतं. तिथून पुढे शहर ही आरपीजीमध्ये स्वतंत्र विकायची वस्तू झाली. कादंबऱ्यांमधली शहरंही आली. फ्रिट्झ लायबरच्या कथांचं लांखमार हे चोरांचं शहर १९८५ मध्ये टीएसआर कंपनीने गेमसाठी पुस्तकरूपात काढलं. या कथा १९३९ पासून छापून येत होत्या, म्हणजे शहर गेमपेक्षा बरंच म्हातारं.

सिगिल: डोक्यावर दुसऱ्यांची घरं

उच्चार सिगिल असा ‘ग’ने करायचा, सिजिल नाही. १९९४ साली डेव्हिड कुक यांनी टीएसआरसाठी प्लेनस्केप ही सेटिंग बनवली, हे तिचं मध्यवर्ती शहर.

सायकलची हवा भरलेली ट्यूब डोळ्यांपुढे आणा. आता सगळं शहर त्या ट्यूबच्या आतल्या बाजूला चिकटवा. रस्ता पुढे जातो तसा हळूहळू वर चढत जातो, आणि मान वर केली की धुराच्या पलीकडे आकाशाऐवजी समोरच्या बाजूची छपरं दिसतात, उलटी. सूर्य नाही. उजेड आपोआप वाढतो आणि आपोआप कमी होतो. हे अख्खं कडं एका अनंत उंच सुळक्याच्या टोकावर तरंगतंय. (अनंत उंच सुळक्याला टोक कसं, हा प्रश्न तिथल्या लोकांनाही पडतो. ते उत्तर देतात: दिसतंय ना वर, मग आहे.)

या शहरातून पायी बाहेर पडायला वाट नाही. आत-बाहेर जायचं ते फक्त दारांमधून. दार म्हणजे चौकटीतलंच हवं असं नाही. कमान, खिडकी, पिंपाचं कडं, चारी बाजूंनी बंद असलेली कुठलीही पोकळी चालते. प्रत्येक दाराची किल्ली वेगळी, आणि ती लोखंडाचीच असेल असंही नाही. एखादी वस्तू, एखादा शब्द, हाताची खूण, किंवा मनातला नुसता विचार. आता याचा रोजच्या जगण्यावर काय परिणाम होईल ते बघा. अनोळखी कमानीखालून जाताना खिशात काय आहे याचा विचार करावा लागतो. चुकून योग्य वस्तू खिशात असली तर तुम्ही घरी जाण्याऐवजी नरकात पोहोचता. एवढा एकच नियम, पण त्यातून गल्लीबोळांतली भीती, किल्ल्यांचा व्यापार, वाटाड्यांचा धंदा, सगळं तयार होतं. शहर कसं लिहावं याचा यापेक्षा चांगला धडा मी पाहिलेला नाही.

राज्य कुणाचं? लेडी ऑफ पेन नावाच्या एका आकृतीचं. ती बोलत नाही. तिची पूजा केलेली तिला चालत नाही, करणारा जिवाला मुकतो किंवा भूलभुलैयात कायमचा अडकतो. देवांना शहरात प्रवेश नाही. आणि गंमत म्हणजे तिची लेव्हल किती, हिट पॉइंट किती, हे लेखकांनी जाणूनबुजून कधीच दिलं नाही. आकडे दिले असते तर कुणीतरी तिला मारायचा प्लॅन केलाच असता, खेळाडूंची जात मला माहीत आहे.

मी सिगिलमध्ये फिरलो ते प्लेनस्केप: टॉर्मेंट या १९९९ च्या गेममध्ये. तुम्ही एका शवागारात जागे होता. मरत नाही, पण स्वतःचं नावही आठवत नाही. लढाया अगदीच सुमार आहेत, ते मान्य. पण शहर? एका भागात चक्क पोटुशी गल्ली आहे. गल्लीला बाळंत व्हायचंय, म्हणजे तिच्यातून नवीन गल्ली फुटायची आहे. शहराची डागडुजी करणारे डाबस मात्र हातोडी-छिन्नी घेऊन तिला जागच्या जागी दुरुस्त करतायत. हे डाबस तोंडाने बोलत नाहीत. त्यांच्या डोक्यावर चित्रं उमटतात, कोड्यासारखी, आणि ती वाचायची. त्या गल्लीचं बोलणं ऐकायचं आणि तिला मोकळं करायचं, हे काम मी तलवार न उपसता केलं. आजही एखाद्या गेममध्ये “जा आणि दहा लांडगे मार” असं काम आलं की मला ती गल्ली आठवते.

मिडगार: डोक्यावर श्रीमंतांचा रस्ता

१९९७ चा फायनल फँटसी ७. मिडगारची रचना एका वाक्यात सांगता येते: जाडजूड खांबांवर लोखंडी ताट, ताटावर शहर, ताटाखाली झोपड्या. ताटाचे आठ भाग म्हणजे आठ सेक्टर, प्रत्येकाला एक रिअ‍ॅक्टर, आणि मधोमध शिन्रा कंपनीची इमारत. हे रिअ‍ॅक्टर जमिनीतून माको नावाची ऊर्जा उपसतात. माको म्हणजे ग्रहाचा जीव. खाली राहणाऱ्यांना ऊन दिसत नाही.

सुरुवातीच्या ट्रेनच्या प्रवासात एक गोष्ट कानावर पडते आणि तिथेच हे शहर मला कळलं. या आठ सेक्टरच्या जागी पूर्वी आठ गावं होती. त्यांना नावं होती. ती आता कुणालाच आठवत नाहीत, लोक नुसते नंबर सांगतात. दोन ओळींचं बोलणं आहे, घाईत बटण दाबलंत तर निघून जाईल.

पुढे जे होतं ते गेमच्या इतिहासात गाजलेलं आहे. बंडखोरांचा एक छोटा गट सेक्टर ७ च्या झोपडपट्टीत लपलाय म्हणून कंपनी वरचं ताटच खाली पाडते. वर राहणारेही मेले, खाली राहणारेही मेले, आणि दोष बंडखोरांवर टाकला. तोपर्यंत तुम्ही त्या वस्तीतल्या लोकांशी बोललेले असता, बारमध्ये पिनबॉलच्या मशीनवरून खालच्या खोलीत गेलेले असता. त्यामुळे ते ताट कोसळतं तेव्हा तुमच्या ओळखीची माणसं त्याच्याखाली असतात. सेक्टर ५ मध्ये एक पडकं चर्च आहे, त्याच्या छतातून उजेड येतो आणि तेवढ्याच जागेत फुलं उगवतात. शहराबद्दल बाकी काही न सांगता एवढ्याने सगळं सांगून होतं.

मूळ गेममध्ये मिडगार काही तासांत मागे पडतं, नंतर जग खुलं होतं. पण लोकांच्या मनातून ते गेलं नाही. म्हणून २०२० चा रीमेक पूर्ण लांबीचा गेम असूनही त्याची कथा जवळजवळ सगळी मिडगारमध्येच घडते. खरं सांगायचं तर मला जुनंच जास्त आवडतं. रीमेकमध्ये ताट सुंदर दिसतं, जुन्या गेममध्ये ते भीतिदायक वाटतं.

व्हिवेक: डोक्यावर देवाने थांबवलेला खडक

मॉरोविंड हा २००२ चा गेम, बेथेस्डाचा. स्कायरिम तुम्ही ऐकलं असेल, त्याच एल्डर स्क्रोल्स मालिकेतला तिसरा. व्हार्डनफेल बेटाच्या दक्षिणेला पाण्यावर हे शहर उभं आहे. मोठाले पायऱ्यापायऱ्यांचे मनोरे, ज्यांना कँटन म्हणतात, आणि त्यांना जोडणारे पूल. खालून गोंडोला फिरतात. प्रत्येक कँटनच्या आत मजल्यांवर मजले, दुकानं, घरं, तळाशी गटारं. बाहेरून सगळे कँटन सारखेच दिसतात.

मॉरोविंडमध्ये नकाशावर बाण येत नाही. “फॉरेन क्वार्टरच्या वरच्या मजल्यावर अमुक माणूस आहे” असं कुणीतरी सांगतं, ते डायरीत उमटतं, आणि पुढे तुम्ही आणि तुमचे पाय. व्हिवेकमध्ये हरवला नाही असा खेळाडू मला भेटलेला नाही. मी तर एका वहीच्या मागच्या पानावर नकाशा काढला होता, कुठल्या पुलावरून कुठला कँटन. अनेक जण या शहराला याच कारणासाठी शिव्या घालतात. पण मला वाटतं, वाट शोधायला लागली म्हणूनच ते शहर माझं झालं. बाण बघत चाललेल्या कितीतरी शहरांत मी तासन् तास घालवलेत, पण तिथला एक रस्ता सांगता येणार नाही.

आता वर बघा. देवळाच्या कँटनवर हवेत एक प्रचंड खडक तरंगतोय, त्याचं नाव बार डाउ. दंतकथा अशी की शिओगोरॅथ या वेड्या देवतेने तो शहरावर फेकला आणि व्हिवेक नावाच्या जिवंत देवाने तो वरच्या वर थांबवला. हा व्हिवेक शहराच्या दक्षिण टोकाला राजवाड्यात राहतो, तुम्ही जाऊन त्याच्याशी बोलू शकता. लोकांचं प्रेम आटलं तर खडक पडेल, असं सांगितलं जातं. म्हणजे भक्ती करा, नाहीतर बघा वर काय आहे! आणि मंदिरवाल्यांनी तो खडक आतून पोखरून तिथे तुरुंग केलाय, धर्माविरुद्ध बोलणाऱ्यांसाठी. तुरुंगाचं नाव मिनिस्ट्री ऑफ ट्रुथ. ज्याच्या भीतीने लोक गप्प बसतात, त्याच्याच पोटात न गप्प बसणाऱ्यांना कोंडायचं.

पुढे काय झालं? व्हिवेक देव नाहीसा झाला. खडक काही काळ आत्मे जाळणाऱ्या एका यंत्राने तोलून धरला, आणि शेवटी तो पडला. शहर गेलं, ज्वालामुखी फुटला, बेट राखेखाली गेलं. हे कुठल्याही मुख्य गेममध्ये दाखवलेलं नाही, २००९ च्या ग्रेग कीझ यांच्या द इन्फर्नल सिटी या कादंबरीत त्याची हकीकत येते. पण २०११ च्या स्कायरिममध्ये विंडहेल्म शहरात गेलात तर एका अंधाऱ्या गल्लीत करड्या कातडीचे डार्क एल्फ दाटीवाटीने राहताना दिसतील, स्थानिक लोक त्यांना शिव्या देतात. त्या वस्तीचं नाव ग्रे क्वार्टर. ते लोक त्याच आपत्तीतून पळून आलेले निर्वासित. मी स्कायरिम आधी खेळलो असतो तर ती वस्ती म्हणजे नुसती एक गरीब गल्ली वाटली असती. मॉरोविंड आधी खेळल्यामुळे मी तिथे उभा राहिलो आणि वहीच्या मागच्या पानावरचे ते पूल आठवले.

शार्न आणि बाल्डर्स गेट, थोडक्यात

शार्न हे एबेरॉन सेटिंगमधलं शहर. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या मालक कंपनीने २००२ मध्ये नवीन सेटिंगसाठी स्पर्धा ठेवली होती, सुमारे ११,००० प्रवेशिका आल्या, कीथ बेकर जिंकले आणि २००४ मध्ये एबेरॉन प्रसिद्ध झालं. शार्न म्हणजे मैलभर उंच मनोऱ्यांचं शहर. ते उभं राहतं कारण तिथली हवा जादूने उडण्याला मदत करते. हवेत चालणाऱ्या टॅक्सी तिथे आहेत, पण शहराच्या हद्दीबाहेर गेल्या की पडतात. वर श्रीमंत, तळाशी भट्ट्या आणि मजूर. आणि बाजारात एक छोटी वस्तू विकत मिळते, जी जवळ असली तर उंचावरून पडताना तुम्ही पिसासारखे अलगद उतरता. किंमत सामान्य मजुराला परवडणारी नाही. पडणं सगळ्यांच्या वाट्याला आहे, वाचणं विकत घ्यावं लागतं. कॉम्प्युटरवर हे शहर डंजन्स अँड ड्रॅगन्स ऑनलाइनमध्ये २०१९ च्या विस्तारात आलं, फोनवर नाही.

बाल्डर्स गेट माझ्या ‘वर बघा’ नियमात बसत नाही. तिथे डोक्यावर साधं आकाश आहे. ते शहर लक्षात राहतं त्याच्या दारामुळे. १९९८ च्या पहिल्या गेमचं नावच बाल्डर्स गेट, पण पाचव्या प्रकरणापर्यंत तुम्हाला त्या शहरात पाय ठेवता येत नाही, पूल बंद असतो. तोवर सगळे त्या शहराबद्दल बोलत राहतात: लोखंडाची टंचाई, व्यापारी, भाव. शेवटी आत शिरता तेव्हा नऊ भागांत पसरलेला नकाशा उघडतो आणि जवळजवळ प्रत्येक घरात जाता येतं. २०२३ च्या बाल्डर्स गेट ३ मध्येही शहर तिसऱ्या अंकातच येतं, आणि वेशीबाहेर निर्वासित अडकून पडलेले असतात. वाट बघायला लावणं ही युक्ती पंचवीस वर्षांनीही चालली.

सुमेरू: कानात आकाश

हे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलेलं असेल. गेन्शिन इम्पॅक्ट २८ सप्टेंबर २०२० ला आला, आणि सुमेरूचा प्रदेश ऑगस्ट २०२२ मध्ये त्यात उघडला. एका अवाढव्य झाडाभोवती बांधलेलं विद्येचं शहर. वर अकादेमिया, म्हणजे विद्यापीठ. खाली झाडाच्या बुंध्यात बाजार आणि एक नाटकघर.

नावं बघितलीत का? सुमेरू म्हणजे आपल्या पुराणांतला मेरू पर्वत. अकादेमियाच्या सहा शाखांना दर्शन म्हणतात, आपल्याकडे षड्दर्शनं आहेत तशी. शाखांची स्वतःची नावं मात्र प्राचीन इराणी धर्मातली. देवीला कोंडून ठेवलंय त्या जागेचं नाव सुरस्थाना. सगळी खिचडी आहे, काही ठिकाणी मीठ जास्त झालंय, पण मराठी वाचणाऱ्याला यातले निम्मे शब्द फोड न करता कळतात, आणि हा फायदा इंग्रजी खेळाडूंना नाही.

शहरात जो तो कानाला एक छोटं यंत्र लावतो. त्या व्यवस्थेचं नाव आकाशा. प्रश्न विचारला की उत्तर मिळतं. मात्र कुणाला किती ज्ञान द्यायचं ते वरचे पंडित ठरवतात, तुमची पायरी बघून. अभ्यास न करता डोक्यात भरायच्या ज्ञानाच्या कॅप्सूल चोरून विकल्या जातात, गिऱ्हाईक अर्थातच विद्यार्थी. खालच्या नाटकघरातला नाच पंडितांना फालतू वाटतो, तो बंद पाडायचा प्रयत्न होतो. आणि या शहरातली मोठी माणसं स्वप्नं बघत नाहीत. त्यांना वाटतं, शहाण्या माणसाला स्वप्नं पडतच नाहीत. खरं कारण कथेत हळूहळू कळतं: आकाशा ती स्वप्नं काढून घेते, यंत्र चालवायला. एक सणाचा दिवस पुन्हा पुन्हा उगवत राहतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही, तो भाग मी सलग खेळलो.

ज्या फोनवर हा गेम खेळत होतो तो माझ्याबद्दल काय काय गोळा करतो, हे मी त्या रात्री सेटिंगमध्ये जाऊन पहिल्यांदा नीट वाचलं. कुठल्याही सायबर जागृतीच्या पोस्टरने माझ्याकडून हे करून घेतलं नव्हतं. सुमेरूचा शेवट आकाशा बंद करून होतो. लोकांना ते अवघड जातं, आणि गेम तेही लपवत नाही.

भारताचा विषय निघालाच आहे तर टेबलावरच्या खेळातलं एक सांगतो. २०२२ मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्सचं जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल हे पुस्तक आलं. एका प्रचंड प्राण्याच्या जीवाश्मात कोरलेलं शहर, आणि तिथून वेगवेगळ्या संस्कृतींच्या भूमींकडे निघणारे प्रवास. त्यातली शंखभूमी ही बंगालवरून सुचलेली नदीकाठची भूमी मिमी मंडल यांनी लिहिली आहे. मराठी मुलुखावरून सुचलेली अशी भूमी कुणीतरी लिहायला हवी. चार मित्र आणि फाशांचा एक संच असला तर सुरुवात तुम्हीही करू शकता, त्याला कुठलं ग्राफिक्स कार्ड लागत नाही.

यातलं फोनवर काय चालतं?

फायनल फँटसी ७ आयफोनवर २०१५ मध्ये आणि अँड्रॉइडवर २०१६ मध्ये आला. बाल्डर्स गेटची एन्हान्स्ड एडिशन अँड्रॉइडवर २०१४ पासून आहे, आणि टॉर्मेंटची २०१७ मध्ये फोनसाठीही निघाली. हे तिन्ही एकदा पैसे भरून घ्यायचे गेम आहेत. मध्ये जाहिराती नाहीत, आणि डाउनलोड झाल्यावर नेटशिवाय चालतात. एसटीच्या प्रवासात रेंज गेली तरी सिगिल तिथेच असतं. मॉरोविंड अधिकृतरीत्या फोनवर आलेला नाही, त्याला कॉम्प्युटर किंवा कन्सोल हवा.

गेन्शिन फुकट आहे, पण तो सर्व्हरवर चालतो. हा फरक समजून घ्या. कंपनीने सर्व्हर बंद केला की शहरही बंद. निअर रीइन्कार्नेशन हा मोबाईल आरपीजी २०२४ च्या एप्रिलमध्ये असाच बंद झाला, आणि लोकांनी त्यात घातलेले पैसे आणि वेळ दोन्ही तिथेच राहिले. म्हणून सर्व्हरवरच्या गेममध्ये पैसे टाकताना ते शहर विकत घेतोय असं समजू नका, तिकीट काढतोय असं समजा.

विकत घ्यायच्या गेमचं “फ्री एपीके” शोधायच्या फंदात पडू नका. अशा फाइलमध्ये काय भरलंय ते तुम्हाला दिसत नाही, आणि ती ज्या फोनवर टाकता त्याच फोनवर तुमचं यूपीआय असतं. प्ले स्टोअरवर डेव्हलपरचं नाव तपासा: फायनल फँटसीसाठी स्क्वेअर एनिक्स, बाकी दोन्हींसाठी बीमडॉग. घेतलेला गेम फोनवर नीट चालला नाही तर गूगलकडे ४८ तासांच्या आत परतावा मागता येतो. मिळेलच अशी हमी नाही, पण मागून बघा.

आता भाषेचं. यातल्या एकाही गेममध्ये मराठी नाही, हिंदीही नाही. म्हणून क्रम असा ठेवा. आधी फायनल फँटसी ७, त्यातली वाक्यं छोटी आणि सोपी आहेत. मग बाल्डर्स गेट. टॉर्मेंट शेवटी, कारण त्यात सुमारे आठ लाख शब्द आहेत आणि सिगिलचे लोक लंडनच्या जुन्या चोरांच्या बोलीवरून घेतलेले शब्द वापरतात. इंग्रजी माध्यमातली मुलंही तिथे अडखळतात, त्यामुळे लाजायचं कारण नाही. शब्द अडला तर पुढे वाचा, चार-पाच वेळा कानावर पडला की अर्थ लागतो. अक्षरं बारीक वाटली तर फोन आडवा धरा, आणि रस्ते बघायचे असतील तर दोन बोटांनी झूम करा.

टॉर्मेंट सुरू करताना पात्र बनवायच्या स्क्रीनवर विझडम आणि इंटेलिजन्स वाढवा, ताकद कमी ठेवली तरी भागतं. शवागारात एक उडती कवटी भेटेल, तिचं नाव मॉर्ट. ती फार बडबड करते, पण तिला सोबत घ्या.